फाटलेला तंबू, फाटलेली झोळी: कॅनव्हास शिवायचं कसं

मे महिन्याचा शेवट होता. धोम धरणाच्या पाण्याकडेला आमचा जुना सुती तंबू उभा होता, गळ पाण्यात आणि चुलीवर चहा. दुपारपर्यंत पान हलत नव्हतं. चारच्या सुमाराला वळवाचं वारं सुटलं. तंबूच्या कोपऱ्याजवळ आदल्या वर्षी मी मशीनवर मारलेली एक शिवण होती. सरळ, बारीक टाक्यांची, दिसायला देखणी. दुसऱ्या-तिसऱ्या झोताला ती शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी भोकाभोकांवरून उकलत गेली. वीतभर फाट होती ती हातभर झाली. पाऊस आत आला, अंथरुणं भिजली, गळाला लावायचं पीठही भिजलं. रात्र आम्ही गाडीत बसून काढली.

सकाळी अप्पांनी ते कापड मांडीवर घेतलं, बोटाने भोकांची रांग दाखवली आणि म्हणाले, "भोक झाकायचं नसतं गं. ताण वळवायचा असतो." अप्पा म्हणजे माझे वडील. तीसेक वर्षं कृष्णेच्या काठाने गळ टाकत आलेले आणि आपली प्रत्येक पिशवी स्वतः शिवणारे.

त्यानंतर मी तंबू, झोळ्या, गळाच्या काठीची कव्हरं, घडीच्या खुर्च्यांच्या बैठका असं बरंच काही शिवलं. साताऱ्या-सांगलीत हल्ली तापोळा, बामणोली, कण्हेर, उरमोडी, वारणेच्या काठी तंबू घेऊन जाणारी तरुण मुलं वाढलीत. त्यांच्याकडे महागडं सामान असतं, पण पहिल्या फाटीला ते टाकून देतात किंवा वरून चिकटपट्टी मारतात. हा लेख त्यांच्यासाठी. शिवणकाम येत नसलं तरी चालेल. शर्टाचं बटण लावता येत असेल तर एवढं नक्की जमेल.

आधी कापड कोणतं ते बघा

आपण सगळ्यालाच ताडपत्री म्हणून मोकळे होतो, आणि चुकीची सुरुवात तिथेच होते. दुकानात चार वेगवेगळ्या वस्तू याच नावाने मिळतात आणि चौघांची दुरुस्ती वेगळी आहे.

पहिलं सुती कॅनव्हास. खाकी किंवा हिरवट, हाताला खरखरीत, ओलं झालं की जड होणारं. जुने लष्करी पद्धतीचे तंबू, खांद्याच्या झोळ्या, खुर्चीच्या बैठका याच्या. दुसरं पॉलिस्टर किंवा नायलॉनचं पातळ कापड, आतून लेप दिलेलं. हल्लीचे घुमटाकार तंबू याचे. तिसरं पीव्हीसीचा जाड लेप असलेलं, ट्रकवर टाकतात ते. चौथी विणलेल्या प्लॅस्टिकची निळी-पिवळी ताडपत्री, जी हळद वाळवायला, उसतोड मजुरांच्या कोपीवर आणि पावसाळ्यात घराच्या पडवीला लागते.

शंका असेल तर शिवणीच्या आतल्या कडेचा एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो, मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर-नायलॉन वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. ही परीक्षा अंगणात करा, तंबूजवळ नको.

या लेखाचा मोठा भाग सुती कॅनव्हासवर आहे. ते शिवायला घेतलं की कापड तुम्हाला साथ देतं. सुती धागा ओला झाला की फुगतो, विणीतल्या फटी बुजतात आणि सुईची भोकंसुद्धा बऱ्याच अंशी मिटतात. म्हणूनच नवा सुती तंबू आधी एकदा-दोनदा भिजवून वाळवायचा असतो. पहिल्या पाण्यात तो थोडा गळतो, नंतर गळत नाही.

वाळवा, आणि मग ओढून बघा

ओलं कापड शिवू नका. फुगलेल्या कापडात घातलेला टाका वाळल्यावर सैल पडतो, आणि ठिगळाखाली अडकलेली ओल बुरशीला आयतं घर देते. आधी माती झटका, मऊ ब्रशने साध्या पाण्याने धुवा. साबणाची पावडर वापरू नका, कापडावरचा पाणी न धरण्याचा गुण तिने जातो. बुरशीचे काळे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून फडक्याने पुसा, अर्ध्या तासाने स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. ठिपके पूर्ण जाणार नाहीत, वाढ थांबेल. ब्लीचिंग पावडरने डाग जातात पण सुती धागाही खंगतो.

वाळलं की फाटीच्या आजूबाजूचं कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून जोराने ओढा. फाटीपासून एक बोट, मग दोन बोटं, मग चार बोटं अंतरावर. कापड कुरकुरलं, कागदासारखं सुटलं, तर तिथला धागा मेलेला आहे. तिथे घातलेला टाका कापडच घेऊन बाहेर येईल.

याचं कारण आपल्याकडे गावागणिक बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. कोयना-जावळीकडच्या माणसाचं कापड बुरशीने जातं: घडीच्या आत, जिथे दिसत नाही तिथे. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या माणसाचं कापड उन्हाने जातं: वरच्या अंगाला, आढ्यावर, जिथे दिवसभर ऊन लागतं तिथे. म्हणून पश्चिमेकडच्यांनी घड्यांच्या रेघा ओढून बघाव्यात, पूर्वेकडच्यांनी माथा.

पुराचं पाणी लागलेलं कापड असेल तर ही परीक्षा दोनदा करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मामाच्या घरातल्या आमच्या दोन झोळ्या आणि एक कनात आठवडाभर गाळात होती. धुऊन वाळवल्यावर तिन्ही वस्तू धडधाकट दिसत होत्या. ओढल्यावर कनातीचा खालचा हातभर पट्टा बोटात आला. तो सरळ कापून टाकला आणि नवा जोडला. झोळ्या मात्र वाचल्या, आजही वापरात आहेत.

सामान

एक दाभण, पोती शिवायला घेतात ते. पण फार जाड घेऊ नका, सुईचं भोक जितकं मोठं तितकं कापड दुबळं. त्याच्याबरोबर दोन जाड सुया, टोकाशी तिकोनी धार असलेल्या मिळाल्या तर उत्तम. सुई ढकलायला चामड्याचा तुकडा तळहातावर बांधा किंवा अंगुस्तान घाला. ओढायला छोटी पक्कड. पक्कड नसेल तर तिसऱ्या टाक्यालाच बोटं दुखायला लागतात आणि मग माणूस टाके लांब-लांब घालायला लागतो.

दोऱ्याबद्दल मात्र थांबून सांगते. पोत्याची सुतळी नको. ती तागाची असते, पाण्यात कुजते. घरातला रंगीत रिळाचा दोरा नको, बारीक असतो. गळाची नायलॉनची तार तर मुळीच नको. अनेक जण तीच वापरतात, कारण ती हाताशी असते. ती गुळगुळीत असल्याने गाठ निसटते, उन्हात तिचा जोर कमी होतो आणि ताण आला की ती सुती कापडाला सुरीसारखी चिरते. पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या, २० किंवा ४० नंबरचा. या मोजणीत नंबर लहान तेवढा दोरा जाड. चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे मेण लावलेला दोरा असतो, तो मागितला तर देतात. साधा दोरा असेल तर मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घ्या. मेण लागलेला दोरा गुंतत नाही, पाणी कमी पितो आणि भोकात घट्ट बसतो.

मधमाश्यांचं मेण आपल्याकडे मिळवणं सोपं आहे. महाबळेश्वरच्या परिसरात मधपाळांची मोठी परंपरा आहे. तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या बाजूला गेलात तर मधाबरोबर मेणाचीही वडी मागून घ्या.

ठिगळाचं कापड मूळ कापडाइतकंच जाड हवं. तंबूचं सुती कापड साधारण ३०० ते ४०० जीएसएमचं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम. जास्त जाड ठिगळ लावलं तर त्याच्या कडेवरच नवी फाट सुरू होते, कारण जाड कापड वाकत नाही आणि सगळा वाक त्या एका रेघेवर येतो. जुन्याला जुनंच शोभतं: तंबूच्या खालच्या दुमडीतून किंवा न वापरलेल्या पिशवीच्या तळातून तुकडा मिळाला तर तो पहिला घ्या. नवं कापड घेतलं तर आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या पावसात ठिगळ आटेल आणि भोवतालचं कापड चुण्या घालून ओढेल.

साताच्या आकाराची फाट

काट्याकुट्यात किंवा खिळ्यात कापड अडकलं की ते सरळ फाटत नाही. आधी उभ्या धाग्याने फाटतं, मग आडव्या धाग्याने वळतं, आणि मराठी सातासारखी नसली तरी इंग्रजी सातासारखी फाट तयार होते. नव्या माणसाला हीच फाट सर्वांत जास्त भेटते, म्हणून तीच सविस्तर घेऊ. समजा एक बाजू २० सेंटिमीटर आणि दुसरी ८ सेंटिमीटर आहे.

कापड सपाट फळीवर पसरा. ताणू नका, सैलही ठेवू नका. फाटलेली जीभ जागेवर बसवा, दोन्ही कडा एकमेकींना फक्त टेकल्या पाहिजेत, एकीवर दुसरी चढता कामा नये. कडेचे लोंबणारे धागे कापू नका, आत ढकला. बाजूंना दोन-चार दगड ठेवा म्हणजे हलणार नाही. आता एरवी वापराल त्या साध्या दोऱ्याने, लांब-लांब धावदोरा घालून कडा तात्पुरत्या पकडून घ्या. हा दोरा नंतर काढायचा आहे.

खरी शिवण कोपऱ्यातून सुरू करा. टोकाकडून सुरू केलीत तर कोपऱ्यावर पोचेपर्यंत एक कड दुसरीपेक्षा लांब होते आणि तिथे फुगा येतो. कोपऱ्यातून एकदा एका बाजूला, पुन्हा कोपऱ्यातून दुसऱ्या बाजूला.

टाका असा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला तर प्रत्येक वेळी ओढताना घासून झिजतो. सुई खालून, पलीकडच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत वर काढा. फाटीवरून अलीकडे आणा आणि अलीकडच्या कडेतून, तेवढ्याच अंतरावर, खाली घाला. आता सुई फाटीच्या फटीतून, नुकत्याच घातलेल्या टाक्याच्या डाव्या अंगाने वर काढा, टाक्यावरून उजवीकडे न्या आणि पुन्हा फटीतच खाली सोडा. मग पुढच्या टाक्यासाठी पलीकडून वर. पूर्ण झाल्यावर फाटीवर माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते, शिवणकामात याला हेरिंगबोन म्हणतात. प्रत्येक टाका स्वतःच्याच दोऱ्याने अडकलेला असतो. एक तुटला तरी शेजारचा उसवत नाही. शिडं शिवणारे दर्यावर्दी लोक हाच टाका घालतात.

दोन टाक्यांत सहा-सात मिलिमीटर अंतर ठेवा. आणि हे फार महत्त्वाचं: एक टाका आखूड, पुढचा लांब असं आलटून-पालटून घाला. आखूड टाका कडेपासून अर्धा सेंटिमीटर, लांब टाका एक सेंटिमीटर. सगळे टाके एकाच अंतरावर पडले तर सगळी भोकं एकाच धाग्यावर येतात, त्या धाग्यावर सगळा ताण पडतो आणि तो तुटला की पुढचा. धोमला माझी शिवण अशीच गेली. आलटून-पालटून घातलेल्या टाक्यांनी ताण वेगवेगळ्या धाग्यांवर वाटला जातो.

दोरा किती ओढायचा? कडा टेकेपर्यंत. कापडावर चुणी दिसली की तुम्ही जास्त ओढलंत. प्रत्येक टाक्यानंतर बोट फिरवून बघा, शिवण कापडाच्या पातळीत सपाट लागली पाहिजे.

फाटीचं टोक जिथे संपतं तिथे थांबू नका. टोकाच्या पुढे एक सेंटिमीटर धड कापडात जा, आणि तिथे फाटीला आडवे तीन-चार टाके एकावर एक घालून एक जाड आडकाठी तयार करा, काजाच्या टोकाला असते तशी. फाट नेहमी टोकातूनच पुढे सरकते. ही आडकाठी तिच्या वाटेवरचा बांध आहे. घाईत बाकी काही जमलं नाही आणि एवढंच केलंत, तरी फाट आहे तेवढीच राहील.

ठिगळ

शिवण फाट जोडते, ठिगळ ताण वाहून नेतं. वाऱ्याने तंबू फुगतो तेव्हा फाटीच्या एका बाजूचा जोर दुसऱ्या बाजूला पोचवणारं काहीतरी लागतं. ठिगळ पुरेसं मोठं असेल तर तो जोर फाटीला न शिवता वरच्या वर पार होतो. म्हणून ठिगळ फाटीपुरतं नको. चारही बाजूंना चार सेंटिमीटर जास्त आणि दुमडायला एक सेंटिमीटर. आपल्या उदाहरणात कापायचा तुकडा ३० बाय १८ सेंटिमीटरचा होतो. इतका मोठा बघून नवी माणसं बिचकतात आणि लहान कापतात. कापू नका.

तुकड्याचे उभे धागे तंबूच्या उभ्या धाग्यांशी जुळले पाहिजेत. तिरकं लावलेलं ठिगळ ताणावर लांबतं, आणि मग सगळा भार पुन्हा जुन्या शिवणीवर येतो. कडेचा एक धागा ओढून बघितला की उभं-आडवं कळतं.

कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यावर ताण गोळा होतो आणि ठिगळ तिथूनच सुटायला लागतं. गोल कापायला स्टीलची वाटी उलटी ठेवून पेन्सिलने रेघ मारा, हात चांगला बसला की वाटी लागत नाही. कडा आत दुमडून नखाने दाबा, सुती कापड असेल तर इस्त्री फिरवा.

छतावरचं ठिगळ बाहेरून लावायचं. कौलं जशी वरचं खालच्यावर चढवून घालतो तसा विचार करा: पाणी वरून खाली वाहताना कुठल्याच कडेच्या आत शिरता कामा नये. जवळच वरच्या बाजूला तंबूची मूळ शिवण असेल तर ती दोन बोटं उसवून ठिगळाची वरची कड तिच्यात सरकवा आणि परत शिवा. एवढ्या कामाला अर्धा तास जास्त जातो आणि पाणी थेट उतरून जातं.

ठिगळ शिवायला दोन फेऱ्या. एक अगदी कडेने, कडेपासून तीन मिलिमीटरवर. दुसरी एक बोट आत. मशीन वापरणार असाल तर १८ नंबरची सुई लावा आणि टाका लांब ठेवा, चार मिलिमीटरच्या आसपास. घरातलं मशीन दोन थर घेतं. दुमडीच्या जागी तीन थर येतात तिथे हाताने चाक फिरवून हळू न्या, नाहीतर सुई तुटून डोळ्यात उडण्याची भीती असते. हाताने शिवत असाल तर तिरके टाके घाला: ठिगळाच्या कडेवरून मूळ कापडात, मूळ कापडातून पुन्हा ठिगळात. शेवटी तात्पुरता धावदोरा ओढून काढा.

पाणी

आता बादलीभर पाणी. तंबू अंगणात उभा करा आणि ठिगळावर सावकाश ओता. पहिल्यांदा आत थेंब दिसतील. घाबरू नका, वाळू द्या, उद्या पुन्हा ओता. धागे फुगून भोकं मिटलेली दिसतील. तिसऱ्या वेळीही पाझरत असेल तर मेण लावायचं.

दोन भाग पांढरी मेणबत्ती आणि एक भाग मधमाश्यांचं मेण एका डब्यात घ्या आणि तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे उकळतं पाणी भरपूर झालं. डबा थेट गॅसवर ठेवू नका, मेणाची वाफ पेट घेते. वितळलेलं मिश्रण शिवणीवर ब्रशने पातळ लावा, वरून जुनं वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवा म्हणजे ते विणीत मुरतं. पूर्ण तंबूला मेण लावायची गरज नाही, शिवणी आणि ठिगळाच्या कडा पुरे. मेण लागलेलं कापड लवकर पेटतं, त्यामुळे चूल आणि कंदील त्या बाजूपासून लांब ठेवा.

आणि पाऊस चालू असताना सुती तंबूला आतून हात लावू नका. जिथे बोट टेकतं तिथून पाणी आत झिरपायला लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवावं.

ठिणगी, उंदीर आणि कड्या

चुलीच्या ठिणगीचं भोक छोटं दिसतं पण त्याभोवतीचा तपकिरी भाग जळलेला असतो, तो कापून टाकल्याशिवाय शिवू नका. मग वर सांगितलं तसंच, पण गोल ठिगळ.

उंदरांनी कुरतडलेली झोळी म्हणजे पिठाच्या गोळ्यांचा किंवा माशांचा वास राहिलेली झोळी. नुसतं ठिगळ लावलं तर महिनाभरात शेजारी नवं भोक पडतं. आधी झोळी उलटी करून धुवा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आणि गळाला लावायचा चारा यापुढे पत्र्याच्या डब्यातच न्या.

तणावा म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी. ती ओवायला कापडातल्या भोकात बसवलेल्या धातूच्या कड्या उपटून निघणं ही तंबूची नेहमीची तक्रार. कडी बसते त्या जागी कापडाचे किमान तीन थर हवेत, म्हणजे आधी आतून-बाहेरून गोल ठिगळं शिवा आणि मग त्यातून भोक पाडा. भोक कडीच्या नळीपेक्षा थोडं लहानच ठेवा, कापड ताणून आत बसवलं पाहिजे. कडी पितळेची घ्या. लोखंडी कडी गंजते आणि गंज भोवतालचं सुती कापड खातो. तपकिरी वर्तुळ दिसतं तिथे बोट घालून बघा, आरपार जाईल.

खुर्चीची बैठक मात्र ठिगळ लावून चालवू नका. तिच्यावर माणसाचा सगळा भार असतो. मधे फाटली असेल तर पूर्ण कापड बदला, जुनं उसवून मापाला ठेवा. लाइफ जॅकेटचे पट्टे किंवा शिवणी उसवल्या असतील तर तेही घरी शिवू नका. नवं घ्या. धरणाच्या पाण्यात याबाबतीत तडजोड नाही.

सुती नसेल तर

पातळ पॉलिस्टरच्या तंबूला सुई शक्यतो लावू नका. स्पिरिटने फाटीच्या दोन्ही बाजू पुसा, वाळू द्या, आणि तंबू दुरुस्तीची चिकट पट्टी गोल कोपऱ्यांनी कापून आतून आणि बाहेरून चिकटवा. दिवसभर घडी घालू नका. ज्या कापडावर सिलिकॉनचा लेप असतो त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, फक्त सिलिकॉनचाच सीलंट धरतो. पट्टी सारखी निघत असेल तर हेच कारण असतं. आतला लेप चिकचिकीत होऊन पापुद्रे सुटत असतील तर तो दमट जागी ठेवल्यामुळे विघटन पावला आहे. त्याला दुरुस्ती नाही.

पीव्हीसीला पीव्हीसीचाच सोल्युशन लागतो. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलके घासा, पातळ थर लावा, हाताला चिकट लागेपर्यंत थांबा, मग दाबा. फाट मोठी असेल तर ट्रकच्या ताडपत्र्या जोडणाऱ्या कारागिराकडे न्या. ते गरम हवेने जोड वितळवून देतात, तो जोड घरच्या गोंदापेक्षा खूप पक्का.

निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिक ताडपत्रीवर बहुतेक गोंद धरत नाहीत, कितीही भारी आणा. दोन्ही बाजूंनी ताडपत्रीसाठीची चिकट पट्टी लावा आणि काम चालवा. तिच्यावर दाभण चालवलं तर प्रत्येक भोक ही नवी फाट ठरते.

कॅनडा, फिनलंडसारख्या देशांत हिवाळ्यात तळी गोठतात तेव्हा लोक बर्फाला भोक पाडून, वर छोटा तंबू ठोकून गळ टाकतात. तिथे तंबूचा काठ बर्फाला गोठून चिकटतो आणि ओढताना फाटतो, लेप दिलेलं कापड थंडीने ताठ होऊन घडीवर तडकतं, आणि त्या गारठ्यात चिकटपट्टी काही केल्या धरत नाही. आपल्याकडे हेच काम श्रावणातली ओल करते. दमट कापडावर लावलेली पट्टी दुसऱ्या दिवशी हातात येते. दोन्हीकडे अडीअडचणीला सुई-दोरा मात्र चालतो, म्हणून पट्टी जवळ असली तरी एक सुई ठेवाच.

पाण्याकाठीच फाटलं तर

अंधार पडतोय, वारा सुटलाय, हातात वेळ नाही. अशा वेळी आधी त्या बाजूचे तणावे सैल करा. कापडावरचा ताण उतरला की फाट तिथेच थांबते. मग टोकाला आडकाठीचे चार टाके. बाकीची फाट सकाळी.

कडीच निघून गेली असेल तर नदीकाठचा लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्या. तो कापडाच्या आतल्या बाजूने, उपटलेल्या जागेपासून चार बोटं आत धरा, बाहेरून कापड त्याच्याभोवती गुंडाळून मान तयार करा आणि त्या मानेला दोरी आवळून बांधा. हीच दोरी तणाव्याला जोडा. गोटा निसटत नाही आणि ताण पसरून पडतो. आम्ही कोयनेकाठी तीन रात्री अशा दोन गोट्यांवर काढल्या. गोटा खडबडीत नको, कडा कापडाला कापतात.

कोयना अभयारण्याच्या हद्दीत तंबू आणि गळ दोन्हीला बंदी आहे, आणि धरणांच्या पाण्यात मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थांकडे असतात. गावात आधी विचारून घ्या. अशा संस्थांमध्ये जाळी विणणारे जुनेजाणते असतात, दोरा आणि गाठीबद्दल त्यांच्याकडून तासाभरात जे कळतं ते माझ्या या लेखात मावणार नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी तंबू पुन्हा पसरा, मग कितीही दमलेले असाल. गोट्याच्या गाठी सोडा, लावलेली चिकटपट्टी काढा, तिचा गोंद उन्हात कापडात मुरला की मग ती जागा शिवताना सुई अडकते. पूर्ण वाळल्याशिवाय माळ्यावर टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली घडी दोन दिवसांतच वास मारायला लागते. घडी दर वेळी वेगळ्या रेघेवर घाला. आणि दाभण, मेणाची वडी, दोरा, पक्कड आणि एक वीतभर कापड एका डब्यात भरून तो डबा तंबूच्याच पिशवीत ठेवा.